हद्दीवरचे टिंब

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या ओसरीवर सायंकाळी वृत्तपत्रे चाळून झाल्यावर जी चार माणसे बोलत बसतात, त्यांत इंग्रजीच्या अध्यापनात उभा जन्म घालवून निवृत्त झालेले मास्तर आणि दिवाणी न्यायालयात तितकीच वर्षे वकिली केलेले भाऊसाहेब या दोघांचा संवाद ऐकण्यासाठी माझ्यासारखे एकदोन श्रोते मुद्दाम मागे थांबतात. सप्टेंबरच्या आरंभी, पाऊस नुकताच ओसरला असता, एक रंगारी खडूने आखलेला लाकडी फळा काखेत धरून पायरीशी आला आणि म्हणाला, “मास्तर, वाडीवरच्या शाळेचा फळा आहे. पाच तारखेसाठी इंग्रजीत ‘टीचर्स डे’ लिहायचंय. ती वरची खूण ‘एस’च्या आधी द्यायची का नंतर? शाळेत गुरुजी तर एकच आहेत.” मास्तरांनी त्याला बाकावर बसवले, परंतु त्यांनी उत्तराला आरंभ करण्यापूर्वीच भाऊसाहेबांनी वाद मांडला, आणि रंगाऱ्याचा तो साधा प्रश्न आम्हां सर्वांना लंडनपासून दख्खनच्या कर्जरोख्यांपर्यंत फिरवून पुन्हा त्याच फळ्याशी घेऊन आला. तो संवाद मला आठवतो तसा येथे देत आहे.

भाऊसाहेब : माझे मत विचाराल तर खूण देऊच नये. एका शिक्षकाचा, अनेक शिक्षकांचा आणि नुसतेच अनेक शिक्षक, हे तिन्ही अर्थ इंग्रज माणूस एकाच उच्चाराने बोलतो, आणि ऐकणाऱ्याला ते कळतात. जो भेद कानाला ऐकू येत नाही तो केवळ डोळ्यांसाठी निर्माण करून शाळकरी मुलांचे गुण कापण्यात कोणता पुरुषार्थ आहे? लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्थानके आहेत. पहिल्याच्या नावात अपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याच्या नावात नाही, आणि दोन्ही ठिकाणी गाड्या सारख्याच थांबतात. अमेरिकेत भौगोलिक नावांच्या निश्चितीसाठी 1890 साली जे सरकारी मंडळ स्थापन झाले, त्याने स्थलनामांतून ही मालकीची खूण वगळण्याचेच धोरण ठेवले. मार्थाज व्हिन्यर्ड या बेटासारखे त्याचे अपवाद एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. बर्नार्ड शॉसारखा भाषाप्रभू आपल्या नाटकांतून ती पुष्कळ ठिकाणी सरसकट गाळीत असे. मग आपल्या वाडीवरच्या फळ्यानेच तिचा भार का वाहावा?

मास्तर : शॉच्या साक्षीची उलटतपासणी करण्याची मला परवानगी द्या. त्याने खूण गाळली ती ‘डोंट’, ‘वोंट’ यांसारख्या संक्षिप्त रूपांतून. परंतु ‘आय विल’चे संक्षिप्त रूप खुणेवाचून लिहिले तर ‘इल’ म्हणजे आजारी असा भलताच शब्द वाचला जातो, म्हणून तेथे त्याने ती राखली. जेथे शंकेला जागा नाही तेथे खूण नको आणि जेथे आहे तेथे हवी, ही त्याची कसोटी होती, आणि तीच आपण या फळ्याला लावू. बोलणाऱ्याचा चेहरा, प्रसंग आणि मागचापुढचा मजकूर ऐकणाऱ्याच्या साह्याला असतो. लिहिलेला शब्द मात्र लिहिणारा उठून गेल्यानंतर, कधी कधी तो हयात नसतानाही, एकट्यानेच साक्ष देत उभा राहतो. दस्तऐवजांच्या सहवासात आयुष्य काढलेल्या आपल्याला हे मी काय सांगावे?

भाऊसाहेब : बरे, नियम सांगा, पण असा सांगा की या रंगाऱ्याला पुढच्या फळ्याच्या वेळी पुन्हा येथवर यावे लागू नये. एकवचनात ‘एस’च्या आधी आणि अनेकवचनात ‘एस’च्या नंतर, हा आम्हांला शाळेत शिकवलेला नियम ‘चिल्ड्रन’पाशी येताच कोलमडतो. तेथे मुले अनेक असूनही खूण ‘एस’च्या आधीच!

मास्तर : कोलमडते ती नियम सांगण्याची रीत. ‘एस’कडे पाहून खुणेची जागा शोधू लागले की माणूस गोंधळतो, धन्याकडे पाहून शोधली की ती आपोआप सापडते. ज्याची वस्तू असेल त्याचे नाव आधी पूर्ण लिहावे, एक असेल तर एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी. ते नाव जेथे संपेल तेथे खूण द्यावी. आणि ते नाव अनेकवचनाच्या ‘एस’ने आधीच संपलेले नसेल, तर त्यापुढे एक ‘एस’ लिहावा. ‘टीचर’ लिहून थांबलो तर खूण आणि मग ‘एस’; ‘टीचर्स’ लिहून थांबलो तर नुसती खूण. ‘चिल्ड्रन’ हे अनेकवचन ‘एस’वाचूनच पुरे झाले, म्हणून त्याला खुणेनंतर ‘एस’ लागतो. ‘मेन’ आणि ‘विमेन’ यांची गतही तीच. दोघांची मिळून एकच वस्तू असेल तर दोन नावांपैकी शेवटच्यालाच खूण, आणि प्रत्येकाची निराळी असेल तर दोघांनाही. एकत्र आणि विभक्त यांतला जो भेद आपण वाटणीच्या दाव्यात शाबीत करीत आलात, तो इंग्रज एका रेघेने लिहून मोकळा होतो.

भाऊसाहेब : मला तो शाबीत करायला साक्षीदार आणि कागद लागतात; एका रेघेच्या भरवशावर मी कोणाचा हिस्सा सोडला नसता. जिच्या हाती मालकी सोपवायची, तिचा वंश तरी पाहू द्या. ही आली कोठून?

मास्तर : नाव ग्रीक, आणि त्या नावाचा अर्थ ‘दूर वळलेली’. सोळाव्या शतकात फ्रेंच लेखनाच्या वाटेने ती इंग्रजीत आली, आणि गळलेल्या अक्षराची रिकामी जागा दाखवणे एवढेच तिचे मूळचे काम होते. जुन्या इंग्रजीत पुष्कळशा पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांची षष्ठी ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरे लागून होत असे. कालांतराने उच्चारातून ‘ई’ लोपली आणि तिच्या जागी ही खूण बसली. मधल्या काळात ‘राजा त्याचे पुस्तक’ अशा धर्तीची वाक्ये काही लेखक लिहीत, आणि हा ‘एस’ म्हणजे ‘हिज’ या सर्वनामाचा उरलेला तुकडा होय असेही मानले जाई. ती व्युत्पत्ती पुढे टिकली नाही. एकवचनी षष्ठीची खूण सतराव्या शतकात रुळली. अनेकवचनाच्या शेवटी नुसती खूण देण्याची रीत मात्र अठराव्या शतकात हळूहळू स्थिर झाली.

भाऊसाहेब : त्या अनेकवचनात कोणते अक्षर गळाले होते?

मास्तर : कोणतेच नाही. जुन्या अनेकवचनी षष्ठीचा प्रत्यय निराळाच होता, आणि तो कधीच नामशेष झाला होता.

भाऊसाहेब : म्हणजे एकवचनातली खूण औरस, आणि जिच्यासाठी हा गृहस्थ चिखल तुडवीत आला ती अनेकवचनातली खूण दत्तक!

मास्तर : दत्तक खरी, परंतु दत्तकविधान यथाविधी झाले की त्यालाही घर चालवण्याचा अधिकार प्राप्त होतो, हे मी आपल्याकडूनच शिकलो. त्या खुणेने घर कसे चालवले ते पाहा. अमेरिकेत मातृदिनाची प्रथा रूढ करणाऱ्या ॲना जार्व्हिस या बाईंनी 1912 साली त्या दिवसासाठी संस्था स्थापिली, तेव्हा त्यांचा आग्रह असा होता, की ‘मदर’ हा शब्द एकवचनीच राहावा आणि खूण ‘एस’च्या आधीच यावी, कारण प्रत्येक कुटुंबाने आपल्या एका आईचे स्मरण करावे हा त्यांचा हेतू होता, जगातल्या मातांचा एकत्रित गौरव त्यांना अभिप्रेत नव्हता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 1914 साली तो दिवस जाहीर केला, तो याच रूपाने. खूण अर्ध्या अक्षराने पुढे सरकली असती तर शब्दाचा अर्थ फारसा बदलला नसता. एका स्त्रीच्या मनातला सगळा संकल्प मात्र बदलून गेला असता.

भाऊसाहेब : संकल्प मनात राहतो, न्यायालयात कलमे चालतात. 1923 सालचा ‘वर्कमेन’स कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ आपल्याला ठाऊक आहे. 2009 सालच्या दुरुस्तीने त्याचे नाव ‘एम्प्लॉयी’ज कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ असे झाले. जुन्या नावात कामगार अनेक होते, नव्या नावात कर्मचारी एकच उरला. उलट 1948 सालच्या राज्य विम्याच्या कायद्याच्या नावात कर्मचारी अनेक, आणि खूण ‘एस’च्या नंतर. यंत्रात ज्याची बोटे गेली त्याला किती भरपाई मिळावी हे यांपैकी कोणत्याही खुणेने ठरवले नाही. कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हांना गौण मानण्याचा प्रघात जुना आहे, आणि तो मला शहाणपणाचा वाटतो.

मास्तर : आपण दिलेली उदाहरणेच माझ्या उपयोगी पडतात. भरपाई मागायला उभा राहतो तो एकटा जखमी माणूस, त्याचा एक हात आणि त्याचे एक घर. तेथे एकवचन शोभते. विम्याचा निधी सर्वांनी मिळून भरलेला आणि सर्वांसाठी राखलेला. तेथे अनेकवचन शोभते. नाव हे कायद्याचे तोंड आहे, आणि ते कोणाकडे वळलेले आहे हे खूण सांगते. आता आपल्या मुलखातले उदाहरण घ्या. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले, आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो वणवा पसरला. त्यातून 1879 साली ‘दख्खन ॲग्रिकल्चरिस्ट्स’ रिलीफ ॲक्ट’ निघाला, ज्याने न्यायालयाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची रीत बंद केली. त्या नावात खूण ‘एस’च्या नंतर आहे, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतले सगळे कुणबी त्या एका रेघेच्या आत उभे आहेत. आणि त्या कुणब्यांचे दुःख तरी काय होते? ज्या मजकुराखाली त्यांनी नांगराची निशाणी केली होती, तो मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. ज्याला खूण वाचता येत नाही, त्याची मालकी दुसरा वाचतो.

भाऊसाहेब : येथेच मी आपल्याला अडवतो, मास्तर, आणि हा मुद्दा मी मनापासून मांडतो. तो कुणबी लिखित खुणांच्या जंगलात सापडून बुडाला. मग ते जंगल दाट करणे हा त्यावरचा उपाय कसा होईल? नियम जितके सूक्ष्म, तितके ते ज्यांच्या घरी दोन पिढ्यांचे शिक्षण आहे त्यांच्याच सोयीचे. वाडीवरच्या पहिल्या पिढीच्या मुलाने खूण इकडची तिकडे दिली की आपण त्याला अडाणी ठरवतो, आणि त्याने काय लिहिले ते वाचतच नाही. मराठीने या बाबतीत धैर्य दाखवले. माझे वडील ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘करणें’ असे लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले, पुढे 1972 साली त्यांत 4 नियमांची भर पडली, आणि त्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार एकदमच रजेवर पाठवले. ‘तें’ म्हणजे ती वस्तू आणि ‘ते’ म्हणजे ते पुरुष, हा लेखनातला भेदही त्याबरोबर गेला. वाचकाने तो संदर्भावरून भरून काढला. त्याही आधी, मोडीत ह्रस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे, आणि तरी सगळे पेशवे दफ्तर तीत लिहिले गेले, वसूल आला आणि फौजा चालल्या. टिंबांवाचून राज्य चालते.

मास्तर : मुलाला अडाणी ठरवणारा शिक्षक दोषी आहे, हे मला संपूर्ण मान्य आहे, आणि माझ्या हातूनही तो दोष घडला आहे, नियम शिकवण्याआधी मी कितीदा तरी लाल शाई उचलली. परंतु आपण ज्या नियमांची साक्ष काढलीत, तेच मला पुढे वाचू द्या. व्युत्पत्तीच्या नावावर जगणारे मुके अनुस्वार त्यांनी काढले, पण नामांच्या आणि सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते तेथचा अनुस्वार त्यांनी नाव घेऊन राखला. ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’, ‘घरापुढे’ आणि ‘घरांपुढे’. भाऊसाहेब, हेच आपले मराठी उत्तर आहे! इंग्रज जे काम खुणेची जागा बदलून करतो, ते आपण माथ्यावरच्या एका टिंबाने करतो. आणि आपले टिंब कानालाही ऐकू येते. शिवाय वंश विचाराल तर ते दत्तक नव्हे. संस्कृतातल्या ‘देवस्य’ या षष्ठीतून प्राकृताच्या वाटेने आपले ‘देवा’ हे एकवचनी सामान्यरूप आले, आणि ‘देवानाम्’ या अनेकवचनी षष्ठीचे प्राकृतात ‘देवाणं’ झाले व मराठीत ‘देवां’. ‘देवांचा’ लिहिताना आपण जे टिंब देतो ते त्या ‘नाम्’चा शेवटचा श्वास आहे. ‘चा’ हा प्रत्यय पुढच्या वस्तूचे लिंग आणि वचन सांगतो, म्हणून तिच्याप्रमाणे ‘ची’, ‘चे’, ‘च्या’ असा बदलतो. धन्यांची संख्या सांगणारे त्या सगळ्या शब्दात एवढे एकच टिंब असते. ते गाळले की वस्तूचे वर्णन उरते आणि धनी अंधारात जातात.

भाऊसाहेब : तरीही मी वाटणीपत्र लिहिताना त्या टिंबावर विसंबत नाही. ‘सदर मिळकत मुलांच्या वहिवाटीत राहील’ असे लिहून मी कधी थांबलो नाही. प्रत्येक मुलाचे नाव आणि रुपयात कोणाचे किती आणे, हे अक्षरी आणि अंकी लिहिले. पावसाच्या एका थेंबाने टिंब पुसते आणि माशीच्या एका डागाने उगवते. त्यापेक्षा मराठीला समासाचा केवढा आश्रय आहे! ‘शिक्षक दिन’, ‘कामगार दिन’, ‘बालदिन’; षष्ठीचा प्रत्यय गेला, वचन गेले, तंटा मिटला.

मास्तर : तंटा मिटला नाही, तहकूब झाला. समासाचा विग्रह करा म्हटले की प्रश्न पुन्हा उभा: शिक्षकाचा दिन, की शिक्षकांचा? आणि आपण मुलांना विग्रह शिकवतो तो याचसाठी, की दोन शब्द एकत्र आले असता मधे काय लपले आहे हे त्यांना विचारता यावे. मात्र आपली पहिली गोष्ट मी मान्य करतो. जेथे हक्काचा निर्णय व्हायचा आहे तेथे केवळ टिंबावर भिस्त ठेवू नये. नावे लिहावीत, आकडे लिहावेत.

भाऊसाहेब : मग आणखी एक मान्य करा. आपले टिंब संख्या तरी खरी कोठे सांगते? ‘अध्यक्षांचे भाषण’ म्हटले की अध्यक्ष एकच असतात. ‘राज्यपालांचा दौरा’ म्हणताना आपल्या मनात दोन राज्यपाल नसतात.

मास्तर : मान्य, आणि आदरार्थी बहुवचनालाही हा अनुस्वार द्यावा असे नियमांतच सांगितले आहे. पण येथे मराठीचे जे वैभव आहे ते इंग्रजीला लाभलेले नाही. हे टिंब मोजते तसे मानही देते. ‘बाईचा’ आणि ‘बाईंचा’ यांत संख्येचा नव्हे, वागणुकीचा फरक आहे. शाळेतल्या बाईंचे टिंब विसरणारा मुलगा व्याकरणात चुकतो तसा नमस्कारातही चुकतो. आणि जेथे जवळीक पूर्ण होते तेथे आपण ते टिंब प्रेमाने उतरवून ठेवतो: आईचा, विठोबाचा, ज्ञानोबाचा. ज्ञानेश्वरांपुढे हात जोडावेत आणि ज्ञानोबाच्या गळ्यात पडावे, एवढा प्रवास एका टिंबाच्या असण्यानसण्यात होतो. म्हणून मी म्हणतो, की टिंब देण्यापूर्वी लिहिणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: धनी किती, आणि माझे त्यांच्याशी नाते काय? ज्याने हे प्रश्न विचारले त्याच्या हातून टिंब चुकले तरी त्याला मी पूर्ण गुण देईन. ज्याने ते न विचारताच टिंब बरोबर दिले, त्याला मी पुन्हा बसवीन.

यानंतर भाऊसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी रंगाऱ्याच्या हातातला खडू मागून घेतला, फळ्याच्या कोपऱ्यात ‘मुलां’ आणि ‘चा’ ही अक्षरे सुटी सुटी लिहिली, त्यांच्याखाली ‘टीचर्स’ लिहून शेवटी खूण दिली, आणि दोन्हींकडे निरखून पाहिले.

भाऊसाहेब : एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आपली दोन्ही चिन्हे एकाच ठिकाणी उभी आहेत. धन्याचे नाव जेथे संपते आणि त्याची वस्तू जेथून सुरू व्हायची, तेथल्या बांधावर. म्हणजे ही अलंकाराची टिकली नव्हे, हद्दीचा दगड आहे. आणि हद्दीच्या दगडाविषयी माझ्या धंद्याचे मत स्पष्ट आहे: दगड हलतो, म्हणून मोजणीचा नकाशा हवा, पण नकाशा दप्तरात असतो, आणि शेतात रोज जाणाऱ्या माणसाला दगडच दिसतो. दगड उपटून टाका असे मी कोणत्याही पक्षकाराला सांगितलेले नाही. तेव्हा मघाचे माझे म्हणणे मी दुरुस्त करतो. खूण द्यावी, मात्र ती शिकवताना मुलाला दगडाने मारू नये.

मास्तर : हे शेवटचे वाक्य माझ्या वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवे होते.

इतका वेळ निमूट बसलेला रंगारी आता चुळबुळला. “पण आमच्या शाळेत गुरुजी एकच,” तो म्हणाला, “मग धनी एक धरायचा का अनेक?” मास्तरांनी त्याला सांगितले, की शाळा एकशिक्षकी असली तरी दिवस त्या एका शिक्षकाचा नाही, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी, 1962 सालापासून, तो देशातल्या सर्व शिक्षकांचा म्हणून पाळला जातो, आणि वाडीवरचे गुरुजी त्या सर्वांत उभे आहेत. म्हणून धनी अनेक. रंगाऱ्याने कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला आणि एकेक अक्षर काढीत तो ‘एस’पर्यंत आला. “इथं नाव संपलं?” त्याने विचारले. मास्तरांनी मान हलवली, आणि त्याने खूण दिली.

मग फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात, कोणी न सांगता, त्याने मोठ्या वळणदार अक्षरांत ‘गुरुजींचा दिवस’ असे लिहिले, आणि ‘जी’च्या माथ्यावर टिंब देताना तो क्षणभरही थांबला नाही. भाऊसाहेबांनी त्याला विचारले, की हे टिंब एका गुरुजींचे की अनेकांचे? कुंचला पुसता पुसता तो म्हणाला, “आमच्या एकट्या गुरुजींचं म्हटलं तरी हेच लागतं, समद्यांचं म्हटलं तरी हेच.” फळा वाळेपर्यंत आम्ही सगळेच ओसरीवर बसून राहिलो.